काट्याचे टनेज खात्यावर का दिसत नव्हते?



2024-25 च्या गळीत हंगामाच्या सुरुवातीला आपल्यापैकी बरेच जण शेतकी खात्यात येऊन विचारीत होते, "काट्याची पावती हातात आहे, मग खात्यावर टनेज का दिसत नाही?" प्रश्न रास्त होता. त्याचा खुलासा करणे आमचे कर्तव्य आहे.

वजनकाट्याचा कॉम्प्युटर जुना, विंडोज एक्सपीवर चालणारा. काट्याचा प्रोग्रॅम त्याच्यावरच चालतो, म्हणून तो बदलता आला नाही. ऑफिसात मात्र हंगामापूर्वी विंडोज 11 चे नवे कॉम्प्युटर बसविले. आणि काट्याची फाईल रोज केबलमधून ऑफिसात येत असे, ती येईनाशी झाली.

आम्ही प्रथम केबल तपासली. ठीक होती. ऑफिसातून काट्याच्या कॉम्प्युटरला 'पिंग' करून पाहिले, उत्तर आले. पासवर्डही बरोबर. तरी फोल्डर काही उघडेना! तेव्हा ध्यानात आले की रस्ता चालू आहे, अडचण बोलीची आहे. विंडोजचे कॉम्प्युटर 'एसएमबी' नावाच्या बोलीतून फायलींची देवघेव करतात. एक्सपीला तिचा पहिला, जुना प्रकारच येतो. दुसरा प्रकार 2006 च्या सुमारास व्हिस्टाबरोबर आला. 2017 पासून मायक्रोसॉफ्टने जुना प्रकार नव्या विंडोजमधून टप्प्याटप्प्याने काढून टाकला.

काही जण म्हणाले, "नव्यात जुनी बोली चालू करा की, दोन मिनिटांचं काम!" काम सोपे होते खरे. पण मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' हा व्हायरस याच जुन्या बोलीतील त्रुटीतून जगभर पसरला. तो फायली कुलूपबंद करून खंडणी मागे. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचे कामही त्याने खोळंबले. ज्या कॉम्प्युटरात सर्व सभासदांची ऊस बिले आहेत, त्याचे दार असे उघडे कसे ठेवायचे?

म्हणून मध्ये एक दुभाषी बसविला. एका पडून असलेल्या कॉम्प्युटरात लिनक्स आणि 'सांबा' ही मोफत मिळणारी प्रणाली घातली. सांबाची सुरुवात 1992 मध्ये ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी केली. या कॉम्प्युटरला दोन केबली आहेत, एक फक्त काट्याकडे, दुसरी ऑफिसकडे. काट्याशी तो जुन्या बोलीत बोलतो, ऑफिसशी नव्या. सांबातही 2019 पासून जुनी बोली बंदच असते, ती मुद्दाम चालू करावी लागली. काट्याच्या कॉम्प्युटरला इंटरनेट दिलेले नाही आणि तेथे पेनड्राईव्ह लावण्यास मनाई केली आहे.

मधल्या दिवसांचे टनेज पावत्यांच्या स्थळप्रतींवरून हाताने भरले. हंगामापूर्वीच दोन्ही कॉम्प्युटर जोडून पाहिले असते तर ही वेळ आली नसती. ती चूक आमचीच.

सभासदांना विनंती एवढीच, की बिल हाती येऊन टनेज ताडून पाहीपर्यंत काट्याची पावती जपून ठेवा. फरक आढळल्यास पावती घेऊन शेतकी खात्यात या. संकोच करू नका.