सव्वा महिन्यानंतरची झोप

मुलगी बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा सव्वा महिना आम्ही तिला कशालाही हात लावू दिला नाही. डिंकाचे लाडू, शेकशेगडी, तेल लावायला बाई, सारे रीतसर झाले. बाळ सहा महिन्यांचे असताना तिच्या घरी गेले, तर तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे. "रात्री तीन-चारदा उठते. सवय झालीये," ती म्हणाली. "आई होणं म्हणजे जागरण आलंच," असे मी सहज बोलून गेले. नंतर याविषयी वाचू लागले आणि ते वाक्य मला टोचू लागले.

जन्मतारखेवरून मोजलेले वय सर्वांचे एकाच गतीने वाढते. शरीराचे तसे नाही. आपल्या डीएनएवर ठिकठिकाणी मिथाइल नावाचे लहान रासायनिक गट चिकटलेले असतात. कोणते जनुक कामाला लागेल आणि कोणते गप्प राहील, यात त्यांचा वाटा असतो. वयानुसार या खुणांची मांडणी बदलते. २०१३ मध्ये स्टीव्ह हॉर्वाथ यांनी अशा ३५३ जागा वाचून वयाचा अंदाज देणारे 'घड्याळ' तयार केले. ते जन्मतारखेच्या पुढे धावत असेल, तर शरीर अधिक झिजले आहे असे मानतात.

अशाच घड्याळांनी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ज्युडिथ कॅरोल आणि सहकाऱ्यांनी ३३ मातांचे रक्त तपासले. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहाव्या महिन्यात रात्री सात तासांहून कमी झोपणाऱ्या मातांचे जैविक वय, सात तास वा अधिक झोपणाऱ्यांपेक्षा ३ ते ७ वर्षांनी जास्त दिसले. त्यांच्या पांढऱ्या पेशींतील टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांची टोके राखणारी टोपणेही, आखूड होती.

येथे सबुरी हवी. ३३ ही संख्या लहान आहे, आणि दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असे ठरत नाही. शिवाय हे घड्याळ मागेही येऊ शकते. गरोदरपणात किंवा मोठ्या शस्त्रक्रियेच्या ताणाने वाढलेले जैविक वय, शरीर सावरल्यावर पुन्हा उतरते, असे वदिम ग्लादिशेव यांच्या गटाने २०२३ मध्ये दाखवले. म्हणजे घाबरण्याचे कारण नाही. पण सावरायला उसंत मिळायला हवी.

मला खटकले ते सहाव्या महिन्याचे. आपली रीत बाळंतिणीला सव्वा महिना जपते. नंतर पाहुणे पांगतात, तेलवाली बाई थांबते. बाळाचे उठणे मात्र थांबत नाही, आणि त्या जागरणाला आपण कौतुकाने मातृत्व म्हणतो.

मी पंधरा दिवस तिथेच राहिले. पहाटेचे दूध पाजून झाले की बाळ माझ्याकडे, आणि मध्यरात्री लंगोट बदलायला जावई उठू लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजले तरी मुलगी उठली नव्हती. मी स्वयंपाकघरात कुकरची शिटी होऊ दिली नाही.