गुन्ह्यामागची व्यवस्था शिकवणारी पदवी

बारावीनंतर फॉरेन्सिक किंवा क्रिमिनॉलॉजी करायचं म्हणणारी मुलं आता लहान गावांतही भेटतात. बहुतेकांना ओढ असते ती तपासाची. पण पोलीस, प्रयोगशाळा, न्यायालय आणि तुरुंग एकमेकांवर कसे अवलंबून आहेत, हे समजणं हाच या शिक्षणाचा गाभा आहे.

खुनाच्या जागी सापडलेला रक्ताळलेला सदराच घ्या. तो ओलाच प्लॅस्टिकच्या पिशवीत भरला, तर ओलाव्यात जंतू वाढून डीएनए खराब होतो. म्हणून तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा, लाखेनं सील करायचा, पंचांच्या सह्यांचं लेबल लावायचं आणि पंचनाम्यात नोंद घ्यायची. मग तो मुद्देमाल कारकुनाकडे आणि तिथून प्रयोगशाळेत जातो. तिथे आधी सील शाबूत आहे का, ते पाहतात. यातली एक नोंद जरी राहिली, तरी बचाव पक्षाचा वकील तिच्यावरच बोट ठेवतो आणि रासायनिक विश्लेषकाच्या (सी.ए.) बिनचूक रिपोर्टवरही संशय येतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं या कामाचं महत्त्व वाढवलं आहे. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद कलम १७६ मध्ये आहे. ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. म्हणजे प्रशिक्षित माणसं लागणारच.

फॉरेन्सिकच्या बी.एस्सी.साठी बारावीला विज्ञान लागतं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचं एक केंद्र गोव्यात आहे.

क्रिमिनॉलॉजीचे प्रश्न वेगळे असतात. २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यांतले सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते, म्हणजे दर चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहणारेही त्यांत असतात. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून अशाच माणसांसाठी काम करतो आहे.

पालकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. फौजदार होण्यासाठी एमपीएससीला कोणत्याही शाखेची पदवी चालते आणि तीन वर्षांच्या एलएल.बी.लाही. तेव्हा केवळ वर्दीसाठी ही पदवी घेण्याचं कारण नाही. प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन प्रयोगशाळा पाहा, विद्यापीठाची मान्यता तपासा आणि मुलांना न्यायालयात व तुरुंगात अभ्यासभेटीला नेतात का, ते विचारा. जिथे हे सगळं पुस्तकातूनच शिकवतात, तिथे फी भरू नका.