आडवाटेला सायकल कोणती?

कंबर-मनगटे दुखतात म्हणून मागे रेलून, पाय पुढे करून चालवायची ‘रिकंबंट’ सायकल घ्यावी का? सपाट डांबरी रस्त्यावर ती सुखाची. पाठीला टेकू मिळतो, मनगटांवर भार येत नाही. पण कोयनानगरभोवतीच्या चढणीच्या, दगडगोट्यांच्या वाटांवर साधी सायकलच बरी. खड्डा आला की पायडलवर उभे राहून दणका गुडघ्या-कोपरांत जिरवता येतो. रेललेल्या स्वाराला उठता येत नाही. दणका पाठीला बसतो. चिखलातून ढकलतानाही साधी सायकलच सोयीची.

मात्र सीट नीट बसवा. टाच खालच्या पायडलवर ठेवल्यास गुडघा सरळ व्हावा. सीट फार खाली असल्यास गुडघे दुखतात. बोटांना मुंग्या येत असल्यास हँडल थोडे उंच करा, पकड बदलत राहा. बधिरपणा टिकला तर डॉक्टरांना दाखवावे.