पफ पॅनेलचे शीतगृह : खर्च व कामाचा क्रम

नाशिक, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांत द्राक्षांची तोडणी मुख्यत्वे जानेवारी ते एप्रिल या काळात होते. तोडलेला माल काही तासांतच थंड केला नाही, तर देठ सुकतात व भाव पडतो. यास्तव मळ्यातच लहान शीतगृह उभारण्याकडे बागायतदारांचा कल आहे. त्यासाठी पफ पॅनेल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये कडक फेसाचा थर असलेली कारखान्यात तयार झालेली फळी, सोयीची ठरते. १०० मिलिमीटर फेस जेवढी उष्णता अडवितो, तेवढी अडविण्यास विटांची भिंत सुमारे ३ मीटर जाड बांधावी लागेल.

जाडीत काटकसर करण्याचा मोह पुष्कळांना होतो. ६० मिलिमीटरची फळी स्वस्त पडते खरी. परंतु १०० मिलिमीटरच्या मानाने तिच्यातून दीडपटीहून अधिक उष्णता आत शिरते व वाचलेला पैसा विजेच्या बिलात जातो. दरपत्रके ताडून पाहताना जमिनीतील उष्णतारोधक थर, दरवाजा, वाहतूक व जोडणी धरली आहे काय, हे पाहावे. स्वस्त दरपत्रकात यांपैकी एखादी बाब अनेकदा गाळलेली असते.

वेळेविषयी मात्र मोठा गैरसमज आढळतो. लहान खोलीच्या फळ्या थोड्या दिवसांत उभ्या राहतात, म्हणून सारेच काम डिसेंबरवर ढकलले जाते. वास्तविक वेळ लागतो तो इतर कामांना. शेतीपंपाच्या वाहिनीवर वीज ठरावीक तासच मिळते. तेव्हा वेगळ्या थ्री फेज जोडणीचा अर्ज उन्हाळ्यातच करावा. अनुदान घ्यावयाचे असल्यास पूर्वसंमतीपत्र हाती येईपर्यंत पाया खणू नये. छाटणीच्या सुमारास जमिनीचे काँक्रीट पुरे करून त्यावर पाणी मारावे आणि प्रत्यक्ष मापे घेऊनच फळ्या मागवाव्यात. आखूड आलेली फळी जागेवर वाढविता येत नाही. वरच्या शेडचे वेल्डिंग फळ्या येण्यापूर्वीच संपवावे, कारण ठिणगीने फेस पेट घेतो. फळ्यांच्या उघड्या कडा झाकून घ्याव्यात, नाहीतर उंदीर फेस पोखरतात.

माल भरण्यापूर्वी रिकाम्या खोलीत यंत्र दोन-तीन दिवस चालवावे व बाहेरून सांध्यांवर हात फिरवून पाहावा. जेथे ओल लागेल तेथील सांधा पुन्हा बंद करून घ्यावा.