मोटारसायकल आणि बाडबिस्तार

दिवाळीत सुरतेचे माग थांबले, की बमरोली-पांडेसरा भागातील पुष्कळ मराठी कुटुंबे खानदेशातील आपापल्या गावी जातात. एखाद्या तरुणाच्या मनात मात्र येते की, मित्राला बरोबर घ्यावे आणि मोटारसायकलने डांगच्या रानात जाऊन दोन रात्री तंबूत काढाव्यात. नवसारी, वांसदा, वघई, सापुतारा असा हा रस्ता सुमारे १६० किलोमीटरांचा. सापुतारा सुमारे १,००० मीटर उंचीवर आहे आणि चढाचा मोठा भाग वघईच्या पुढेच लागतो. सामानाचा विचार करावयाचा तो या घाटाकडे पाहून.

निघताना बहुतेकांचा प्रश्न असतो, काय काय लागेल? गाडीला किती पेलेल, हे क्वचितच विचारले जाते. कामावर जाण्यायेण्यासाठी घेतलेली १०० सीसीची साधी गाडी माणसांसह सुमारे १३० किलोच भार वाहू शकते. ६५ किलोचे दोघे तिच्यावर बसले, की मर्यादा तेथेच संपते. जेवणाच्या डब्यालाही वाव उरत नाही. म्हणून दोघांनी दोन गाड्या न्याव्यात. त्यामुळे तंबू, स्टोव्ह, हवेचा पंप या वस्तू एकेकच घेऊन वाटून नेता येतात.

भार किती, याइतकेच तो कोठे ठेवला, यालाही महत्त्व आहे. मागच्या चाकाच्याही मागे, उंच रचलेले गाठोडे तरफेप्रमाणे काम करते. मागची बाजू दबते, पुढचे चाक हलके होते आणि चढाच्या वळणावर हँडल पोकळ वाटू लागते. अशा वेळी गाडी चालकाच्या मनाप्रमाणे वळत नाही, आणि घाटात ही चूक जिवावर बेतू शकते. तेव्हा जड जिन्नस चालकाच्या पाठीलगत किंवा दोन्ही अंगांच्या पिशव्यांत तळाशी समतोल ठेवावेत. पाणी विशेष जड. एक लिटर म्हणजे एक किलो. टायरमधील हवाही पूर्ण भाराच्या मापाने भरावी.

घरची गोधडी ऊबदार खरी, पण जड. दहिवराने भिजली तर अधिकच जड. तिच्याऐवजी हलकी झोपपिशवी आणि खाली अंथरावयास मेणकापड पुरते. दिवाळीनंतर डोंगरावरची रात्र गारठ्याची असते, म्हणून लोकरी टोपी व स्वेटर ठेवावा. बाकी कपड्यांचा एक जोड पुष्कळ झाला. कळण्याची भाकरी व शेंगदाण्याची चटणी पहिला दिवस निभावून नेतात. पेट्रोल प्लॅस्टिकच्या बाटलीत मुळीच नेऊ नये. जाऊन-येऊन सुमारे सात लिटर लागेल, तेवढे टाकीत मावते. ट्यूबचे चाक असल्यास जादा ट्यूब आणि चाक खोलण्याचे पाने मात्र विसरता कामा नयेत. औषधांची लहान पेटी व विजेरी सर्वांत वर, चटकन हाती येईल अशी असावी.

राखीव रानात वाटेल तेथे तंबू ठोकता येत नाही. वघईजवळ किलाद येथे आणि पूर्णेकाठी महाल येथे वनखात्याची निवासस्थळे आहेत; तेथे आगाऊ परवानगी घेतली, तर सामानाचा बराच भाग घरीच राहतो. साग-बांबूच्या पाचोळ्यात उघडी चूल पेटविणे तर सर्वथा वर्ज्य.

निघण्याच्या आदल्या दिवशी सर्व सामान बांधून गाडी बमरोलीतच थोडी फिरवून पाहावी. ब्रेक दाबताच गाठोडे सरकले, किंवा हँडल हलके लागले, तर तेथेच उतरून काही वस्तू काढून ठेवाव्यात. घर तेव्हा हाकेच्या अंतरावर असते.