शिष्यत्व आणि संसार

माघ-फाल्गुनाच्या सुमारास एखाद्या बुधवारीं सायंकाळीं वाशी, नेरूळ, बेलापूर या स्टेशनांवर उतरणाऱ्या कांहीं मंडळींच्या कपाळीं राखेचा लहानसा क्रूस दिसतो. ठाण्याच्या खाडीपलीकडील हें शहर १९७० नंतर सिडकोनें वसविलें; नाना प्रांतांचे लोक येथें येऊन राहिले आणि आपापलीं व्रतेंही त्यांनीं बरोबर आणिलीं. ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळाचा तो पहिला दिवस असतो. मागील वर्षीं झावळ्यांच्या रविवारीं मंदिरांतून आणिलेल्या झावळ्या जाळून ती राख करितात. केरळांतून आलेल्या सीरो-मलबार पंथाच्या मंडळींचा हाच काळ दोन दिवस अगोदर, सोमवारीं सुरू होतो, आणि त्या सोमवाराला ते ‘विभूति’ हाच शब्द लावितात! त्यांचा स्वतंत्र धर्मप्रांत १९८८ सालीं कल्याण येथें स्थापन झाला. नवी मुंबई त्यांतच मोडते.

भस्म लावून पूजेस बसणाऱ्या आमच्या वाचकांस या खुणेचा अर्थ समजावून देण्याचें कारण नाहीं. दिवसांचा हिशेब मात्र सांगितला पाहिजे. राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या रविवारच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस भरतात. त्यांतील सहा रविवार वगळावयाचे, कारण रविवार हा उत्सवाचा वार. बाकी राहिले ते चाळीस. येशूनें अरण्यांत केलेल्या चाळीस दिवसांच्या उपोषणाचें तें स्मरण. आपल्याकडे चातुर्मासांत कोणी कांदा-लसूण वर्ज्य करितो, कोणी एकभुक्त राहतो. तिकडे कोणी मांस सोडितो, कोणी तंबाखू. परंतु वस्तु सोडणें हा या व्रताचा बाहेरचा भाग झाला. जो मागें येऊं इच्छितो त्यानें स्वतःवर पाणी सोडावें व क्रूस खांद्यावर घ्यावा, अशा अर्थाची अट येशूनें शिष्यांस घातली, आणि त्या अटीचें चिंतन हें या दिवसांतलें खरें काम समजतात.

अट एकट्या माणसास घातलेली आहे. पण माणूस संसारांत असतो. त्याच्या शिष्यत्वाचा भार घरांतील कोणाकोणावर पडतो, हा प्रश्न महाराष्ट्रांत एका ब्राह्मण घरास फार कठोरपणें सोडवावा लागला.

नारायण वामन टिळक हे मूळचे कोंकणांतले, चित्पावन. संस्कृताचे व्यासंगी आणि जातीचे कवि. १८९३ सालीं नागपूरहून राजनांदगांवास जातांना आगगाडीच्या डब्यांत एका युरोपियन गृहस्थाशीं त्यांचें बोलणें झालें. त्यानें नव्या कराराची प्रत त्यांच्या हातीं दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असें भाकीत केलें. टिळक वाचूं लागले ते गिरिप्रवचनापाशीं खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्या वर्षींचा राखेचा बुधवार अजून सतरा दिवस दूर होता. लक्ष्मीबाईंचा उपवासकाळ मात्र त्याच दिवशीं लागला, आणि तो चाळीस दिवसांत सुटणारा नव्हता.

लक्ष्मीबाई वडिलांच्या पराकाष्ठेच्या सोवळ्यांत वाढलेल्या. पतीनें आपला गुरु निवडला. पत्नीची संमति त्याला नव्हती. पदरीं लहान मुलगा, माहेरच्या माणसांचा आधार, आणि भोंवतालीं सधवेची कींव करणारा समाज, अशा स्थितींत त्यांनीं कांहीं वर्षें काढिलीं. टिळकांचा निश्चय प्रामाणिक होता हें आम्ही मान्य करितों. तथापि त्यांच्या त्यागाचे गोडवे गातांना या वर्षांचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं. टिळकांच्या बाजूनें एक गोष्ट अवश्य नमूद केली पाहिजे. धर्मांतरामुळें पत्नी नांदावयास येत नसेल तर विवाह मोडून घेण्याची वाट १८६६ च्या कायद्यानें मोकळी केली होती. त्या वाटेस ते गेले नाहींत. ते थांबले, पत्रें लिहीत राहिले.

पुढें लक्ष्मीबाई नगरास पतीकडे गेल्या, त्या आपलें सोवळें घेऊनच. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळें. येथून पुढचा भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. जातिभेद देवानें केला कीं माणसानें, हा प्रश्न त्यांनीं कोणा मिशनऱ्यास विचारला नाहीं. स्वतःच्या मनास विचारला. उत्तर मिळाल्यावर त्यांनीं शिवाशीव सोडिली. ख्रिस्तावर विश्वास अजून बसला नव्हता! जात आधीं गेली, श्रद्धा मागाहून आली, आणि १९०० सालीं बाप्तिस्मा झाला. पतीच्या मागून फरपटत गेलेल्या बायकोची ही हकीकत नव्हे. एकेक गांठ त्यांनीं आपल्या हातानें सोडिली. तुलनाच करावयाची तर टिळकांचें शिष्यत्व आगगाडीच्या वेगाचें आणि लक्ष्मीबाईंचें पायीं चालणाऱ्या वारकऱ्याचें होतें, असें आम्ही म्हणूं.

टिळक मात्र स्वस्थ बसणारे नव्हतेच. तुकोबांमुळेंच आपण ख्रिस्तापर्यंत पोंचलों, असें ते मानीत. १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून त्यांनीं संन्यास घेतला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांस तेथें जागा होती, ही गोष्ट स्वधर्मीयांतही कित्येकांस रुचली नसावी. दरबार नीट मूळ धरण्यापूर्वींच, ९ मे १९१९ रोजीं टिळक वारले. त्यांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें होतें. तें पुरें करण्याचें काम लक्ष्मीबाईंनीं हातीं घेतलें व तडीस नेलें. शालेय शिक्षणाचा गंध नसलेल्या बाईनें पतीचें महाकाव्य पुढें लिहावें, याहून निराळा पुरावा त्यांच्या श्रद्धेस नको.

‘स्मृतिचित्रें’ आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं आहे. पहिला भाग १९३४ सालीं निघाला, तेव्हांपासून लोक तें टिळकांच्या विसरभोळेपणाच्या गमतींसाठीं वाचीत आले आहेत, आणि त्या गमती आहेतही तशाच. यंदा उपवासकाळांत शेजारचीं ख्रिस्ती मंडळी क्रूसाच्या वाटेची प्रार्थना करीत असतील, त्या शुक्रवारीं तें कपाटांतून काढून सोवळें सुटल्याचा प्रसंग पुन्हां एकवार सावकाश वाचावा. घरांत सुना-मुली असल्या तर मोठ्यानें वाचावा.