हातातला स्टार्टर आणि बॅटरीचा जोर

ऑइल इंजिन हँडल मारून कसे सुरू करतात, हे शेतकरी मंडळींना मी सांगायला नको. आधी कळ उचलून सिलिंडरातल्या हवेला वाट करून द्यायची, हँडल गरगर फिरवून जड चाकाला वेग आणायचा, आणि मग कळ सोडायची. चाकाला वेग आलेला नसला तर दट्ट्याने कोंडलेली हवा हँडल जागच्या जागी अडवून धरते. आज मी ज्या इंजिनाविषयी बोलणार आहे, त्याचीही अडचण हीच. मात्र ते इंजिन विहिरीवरचे नसून विमानाच्या उडत्या प्रतिकृतीचे आहे.

अशी विमाने हा निव्वळ श्रीमंतांचा खेळ नव्हे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत मुलांना ती बनवायला आणि उडवायला शिकवतात. त्यांतली लहान इंजिने ६ ते १० घनसेंटिमीटरची, पंखा दहा-बारा इंचांचा. मोठ्या प्रतिकृतींची इंजिने मात्र ५० किंवा १०० घनसेंटिमीटरचीसुद्धा असतात. म्हणजे रस्त्यावरच्या साध्या मोटारसायकलीएवढी. त्यांचा पंखा २२ इंचांपासून पुढे. असा पंखा बोटाने फिरवताना इंजिन अवचित उलटले, तर बोट जायला वेळ लागत नाही. म्हणून हातात धरायचा विजेचा स्टार्टर आला. ही एक आखूड, जाड मोटार असते. तिच्या टोकाला रबराची वाटी असते. ती वाटी पंख्याच्या मध्यावरच्या टोपीवर दाबून धरायची आणि बटण दाबायचे.

हे दिसायला सोपे आहे. पण पुष्कळांचा अनुभव असा की बटण दाबले तरी स्टार्टर नुसता 'हूं' करून थांबतो. बॅटरीवर तर १२ व्होल्ट लिहिलेले असते! मग दोष कुणाचा?

आता असे पहा. टॉर्चमधले मसाले दीड व्होल्टचे असतात. आठ मसाले एकापुढे एक, म्हणजे एकसर, जोडले की १२ व्होल्ट होतात. त्यांवर हा स्टार्टर चालेल का? मुळीच नाही. प्रत्येक मसाल्याच्या पोटात विजेला थोडी अडवणूक असते. तिला अंतर्गत विरोध म्हणतात. ती समजा प्रत्येकी अर्धा ओहम धरली, तर आठांची ४ ओहम झाली. १२ ला ४ ने भागा. स्टार्टरचा स्वतःचा विरोध शून्य मानला तरी ३ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह निघणार नाही, आणि मोटारीचा फिरवण्याचा जोर तर प्रवाहावर अवलंबून! टाकी उंचावर बांधली, पण नळ बोटाएवढा बारीक ठेवला, तर पाट भरून वाहील कसा? व्होल्ट ही टाकीची उंची झाली. पाणी किती येणार ते वाटेवर ठरते.

आता शिशाची बॅटरी घ्या. तिचा अंतर्गत विरोध ०.०३ ओहम, तारांचा ०.०२ आणि स्टार्टरचा ०.१ मानू. बेरीज ०.१५. मोटार अडून उभी असताना १२ भागिले ०.१५, म्हणजे ८० अँपिअर प्रवाह जाईल. हे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत, पण मान असेच असते. मोटार फिरू लागली की ती स्वतःच उलटा दाब निर्माण करते आणि प्रवाह उतरतो. सगळी कसोटी असते ती पहिल्या अर्ध्या फेऱ्यात.

जोर कमी पडला की लोक दुसरी बॅटरी एकसर जोडून २४ व्होल्ट करतात. जोर दुप्पट होतो का? हिशेब करा: २४ भागिले ०.१८, म्हणजे सुमारे १३३ अँपिअर. दुप्पट नव्हे, सुमारे १.६७ पट. कारण दुसऱ्या बॅटरीने आपला विरोधही बरोबर आणला. उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून मोटार पावणेतीनपट तापते. तरीही हे चालते, कारण काम दोन-चार सेकंदांचे असते. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने १९११ साली मोटारगाडीचा विजेचा स्टार्टर बनवला, तो याच हिशेबावर. त्याआधी त्याने दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला छोटी मोटार बसवली होती. क्षणभराच्या कामासाठी मोटारीवर तिच्या नेहमीच्या कुवतीबाहेरचा भार टाकता येतो, हे त्याला तिथे उमगले. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत हा स्टार्टर आला. तेव्हा २४ व्होल्ट जोडा, पण बटण धरून बसू नका. दोन-चार प्रयत्नांनंतर मोटारीला हात लावून पाहा. चटका बसत असेल तर तिला थंड होऊ द्या.

तारांकडे बहुधा कोणी पाहतच नाही. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा विरोध मीटरला सुमारे ०.०१७ ओहम. बॅटरी दोन मीटर लांब असली तर जाऊन-येऊन चार मीटर तार होते. ६० अँपिअरला तिच्यातच चार व्होल्ट खर्ची पडतात! तीच तार चारपट जाड घेतली तर एकच व्होल्ट जातो. बॅटरी बदलण्यापूर्वी तार बदलून पाहावी, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. तार बरीच स्वस्त पडते.

शिक्षकांनी हे वर्गात दाखवावे. स्टार्टर भाराखाली चालू असताना व्होल्टमीटर आधी बॅटरीच्या खुंट्यांवर लावा, मग स्टार्टरच्या टोकांवर. बॅटरीवरच दाब साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी दुबळी. बॅटरीवर अकरा आणि स्टार्टरवर आठ दिसले, तर तीन व्होल्ट तारेत, बटणात किंवा गंजलेल्या जोडात अडकले. ट्रॅक्टर सुरू होत नसेल तर हीच परीक्षा तिथेही लागू पडते. खुंट्यांवरची पांढरी-हिरवी बुरशी घासून काढल्यावर जुनीच बॅटरी पुन्हा कामाला लागते, असे अनेकदा घडते.

आणखी एक युक्ती ऑइल इंजिनाकडूनच घेण्यासारखी आहे. प्रज्वलन बंद ठेवून पंखा हाताने उलटा फिरवा. दाब हाताला लागला की थांबा. आता स्टार्टरला दाब गाठण्यापूर्वी जवळजवळ एक फेरा मोकळा मिळतो, आणि पंखा वेग धरतो. या उलट्या फेऱ्यात तपासणीही होते. पंखा हाताला ठणठणीत अडला, तर सिलिंडरात द्रव इंधन साचले असण्याचा संभव असतो. हवा दबते, द्रव दबत नाही. अशा वेळी २४ व्होल्टचा स्टार्टर लावलात तर कनेक्टिंग रॉड वाकेल. प्लग काढून इंधन बाहेर घालवा, मगच पुढे चला. हाताला हे कळते, स्टार्टरला कळत नाही.

अलीकडे लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या आल्या आहेत. सहा घट एकसर जोडले की २२.२ व्होल्ट होतात. वजन शिशाच्या मानाने फार थोडे, अंतर्गत विरोधही कमी. पण विरोध कमी म्हणजे टोके एकमेकांना चिकटली तर प्रवाहाला धरबंद नाही. दर घटाचा दाब ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. फुगलेली बॅटरी वापरू नये. चार्जरही तिच्याच जातीचा हवा, आणि चार्ज होत असताना घर सोडून जाऊ नये. तिने पेट घेतला तर विझवणे अवघड जाते. शिशाच्या बॅटरीचे दुखणे वेगळे. ती उतरलेल्या स्थितीत पडून राहिली की पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण खडे धरतात आणि तिचा विरोध वाढतो. पावसाळ्यात विमाने माळ्यावर गेली, तरी तिला महिन्यातून एकदा चार्ज करीत जावे.